दोरीखालची सतरंजी

१

आमच्या घरात परदेशाचं नाव पहिल्यांदा निघालं ते अंगणात शेवया वाळत घालताना. बाजेवर धोतर पसरलं होतं, माझी सात वर्षांची अंबू काठी घेऊन चिमण्या हाकत होती, आणि आमचे हे, म्हणजे रंगराव, ओट्यावर रेल्वेचं वेळापत्रक मांडीवर घेऊन बसले होते. महाराष्ट्र होऊन तेव्हा नुकतं वर्ष झालं होतं.

"अवं, नेपाळले पासपोर्ट लागत नाही आपल्याले," ते म्हणाले. "पण आहे परदेशच. दुसरा राजा, दुसरे पैसे. मोताळ्यातून परदेशात गेलेली पह्यली बाई तूच होशीन."

शेजारच्या रुखमाबाई शेवया मोडता मोडता हसल्या. "मंग आल्यावर आमच्याशी मराठीत बोलजो माय. नाही तं इंग्रजीत पाणी मांगशीन."

मीही हसले. पण माझ्यासाठी ती हौस नव्हती. अंबू चार वर्षांची असताना तिला मुदतीचा ताप आला होता. एकवीस दिवस उतरला नाही. कोणी बिब्बा घालायला सांगितला, तो उतून तिच्या उजव्या मनगटावर काळा डाग पडला आणि ताप होता तिथंच राहिला. एकविसाव्या दिवशी दुपारी तिची बुबुळं वर गेली. मी तिला पोटाशी धरलं आणि समोर जो देव दिसला त्याला हात जोडले. समोर भिंतीवर कापडदुकानातून आलेलं कॅलेंडर होतं, आणि त्यावर पशुपतिनाथ होते. म्हटलं, देवा, लेकरू राख. सोळा सोमवार करीन आणि तुझ्या दारी येऊन उद्यापन करीन. दिवेलागणीला अंबूला घाम सुटला.

"त्या कॅलेंडरवर मारुती असता तं आपलं काम चौकातच भागलं असतं," हे नेहमी म्हणत.

सोळा सोमवार झाले. उद्यापन राहिलं. एक वर्ष पाऊस गेला, एक वर्ष बैल गेला, एक वर्ष दिराचं लग्न निघालं. अंबूला साधी शिंक आली तरी माझा हात तिच्या कपाळावर जाई. देव मागत नाही, पण विसरतही नाही, असं माझी आई म्हणत असे.

२

यांचं म्हणणं, स्वतंत्र जाऊ. मलकापूरहून गाडीत बसायचं, काशी करायची, पुढं रक्सौलपर्यंत रेल्वे, तिथून डोंगरातून मोटार. वाटलं तिथं उतरू, वाटलं तितकं राहू. फक्त कापूस वेचून होऊ द्यायचा. फाल्गुनात निघायचं.

"मागच्या फाल्गुनातही हेच म्हणाले तुम्ही," मी म्हटलं.

"या टायमाले नक्की."

"आणि तुमाले मलकापुरातच दोनदा गाडी चुकली. परदेशात चुकली तं मी कोनाले इचारू?"

त्याच आठवड्यात वामनराव आले. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, गळ्यात दोरीला शिट्टी. यात्रा मंडळाचे व्यवस्थापक. त्यांनी ओट्यावर बसून एक गुलाबी हँडबिल माझ्यापुढं ठेवलं. काशी, प्रयाग, गया, पशुपतिनाथ. सोवळ्याचा स्वयंपाक. सुवासिनींची निराळी सोय. परमुलखात आपला माणूस. दसरा झाला की प्रस्थान, दिवाळीच्या आत परत. आणि खाली ठळक अक्षरांत: काळजी आमची.

"ताई, तुम्ही फक्त वळकटी बांधायची," ते म्हणाले. त्यांचा आवाज फार मऊ होता. "शिट्टी झाली की उठायचं, शिट्टी झाली की बसायचं. बाकी तुम्हाला कशाचाही विचार करावा लागणार नाही."

"मेंढरं हाकल्यावानी," हे आतून म्हणाले.

"मेंढरू कधी वाट चुकत नाही, रंगराव," वामनराव हसून म्हणाले.

मला ते वाक्य फार आवडलं. किती वर्षं मी विचारच करत होते, अंबूचा, नवसाचा, फाल्गुनाचा. कोणी म्हटलं की आता विचार आमच्याकडे द्या, तर माणसाला हलकं वाटणारच. मी नाव घातलं.

हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पानपुडा घेऊन माझ्याजवळ येऊन बसले.

"उद्यापन जोडीनं करा लागते. मी नसल्यावर कसं करशीन?"

त्यांनी पुड्यातून एक अख्खी सुपारी काढली, माझ्या पदराच्या टोकात घालून गाठ मारली. जोडीतलं एक माणूस हजर नसेल तर दुसऱ्यानं सुपारी कमरेला खोचून पूजेला बसायचं, ही आपल्याकडची रीतच आहे.

"हे मी. सांभाळजो," ते म्हणाले. "तू जाय मंडळासंगं. मी येतो मांगून, स्वतंत्र. पाहू देवाच्या दारात कोन पह्यले पोचते."

"हारले तं?"

"हारला त्यानं दुसऱ्याचे पाय दाबायचे. जन्मभर."

३

यात्रेला निघणाऱ्या बाईची ओटी वेशीत भरतात. पाच जणींनी भरली. नारळ, खण, हळकुंड, तांदूळ. शेवटची मूठ अंबूची. तिच्या मुठीत तांदूळ मावेनात, निम्मे माझ्या पायांवर पडले. "माय, मले नेपाळचं काय आनशीन?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तू म्हणशील ते. "काचेच्या बांगड्या," ती म्हणाली आणि मनगट पुढं केलं, डागाचं.

वेशीबाहेर पाऊल पडलं की मागं बघायचं नाही. मी बघितलं नाही.

मंडळी जमायची जागा दूर नव्हती. गावाबाहेर मलकापूरच्या रस्त्याला कापसातली सरकी काढायची एक जिनिंग होती, हंगाम सुरू व्हायचा होता म्हणून बंद. तिचं आवार मंडळानं मागून घेतलं होतं. मोठं लोखंडी फाटक, आत चौक, कापूस तोलायचा काटा, आणि पत्र्याची लांब शेड. शेडमध्ये भिंतीच्या कडेनं बायका आपापल्या वळकट्यांवर बसल्या होत्या. चौदा-पंधरा असतील. कोपऱ्याकोपऱ्यांत जुना कापूस उडून चिकटला होता, त्यामुळं बोललेलं फार लांब जात नव्हतं. आवाज तोंडापाशीच मिटायचा.

"नवी आली वाटते," एक सावळी, हसरी बाई सरकली. "ये माय, इकडं टेक. त्या आढ्याखाली नको, पाखरं हागतेत." त्या धाडच्या मनकर्णाबाई. पोराच्या अंगरख्याला टाके घालत बसल्या होत्या. "माहा कडूबा," त्यांनी अंगरखा उचलून दाखवला. "पाच वर्साचा हाये. आल्याबरुबर घालीन."

वामनरावांनी शिट्टी वाजवली. आम्हा नव्या बायकांच्या हातावर पाणी घातलं आणि संकल्प सांगितला: या मंडळीसोबत जाईन, या मंडळीसोबतच परत येईन. मी पाणी सोडलं.

"गाडी उद्या सकाळी," ते म्हणाले. "आता आराम करा."

वळकटी सोडताना माझं लक्ष मनकर्णाबाईंकडे गेलं. त्यांनी दोरी सोडली आणि सतरंजी पसरली. सतरंजी मातकट, विटकी, उन्हात वर्षानुवर्षं पडलेल्या पायपुसण्यासारखी. पण जिथं दोरी होती तिथं दोन बोटं रुंदीचे दोन पट्टे होते, लालभडक. जणू काल रंगवलेले. बाकीची सतरंजी विटली होती, आणि दोरीखालची तेवढी नवी राहिली होती.

मी म्हटलं, जुनी असेल. कुठं उन्हात बांधून ठेवली असेल. घरोघरी असतंच की एखादं असं.

माझी सतरंजी माहेरची होती, हिरवीगार, कोरी. मी तिच्यावर आडवी झाले.

४

पहाटे शिट्टी. अंघोळ, हरिपाठ, पोहे. मग वळकट्या बांधायच्या आणि रस्त्याकडे तोंड करून ओळीनं बसायचं. फाटक सताड उघडं. समोरून बैलगाड्या जायच्या, एस.टी. जायची, धूळ आत यायची. ऊन काट्यापर्यंत सरकलं की वामनराव फाटकातून परत येत आणि हात जोडून म्हणत, "मंडळी, उद्या सकाळी." मग वळकट्या सोडायच्या.

पहिले दिवस मला काही वाटलं नाही. मोटारीचं काय, चाक मोडतं, डिझेल संपतं. उलट चार चांगल्या बायकांत देवाचं नाव घ्यायला मिळत होतं. आम्ही परदेशाच्या गप्पा मारायचो. वडनेरच्या तानुबाईंना धास्ती होती की तिकडचे लोक चहात लोणी घालतात. "मंग चपातीत काय घालतेत, साखर?" मनकर्णाबाई विचारत, आणि रोज सगळ्या तितक्याच हसत.

रोज तितक्याच. हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि हसून झालं की तानुबाई पदरानं डावा डोळा पुसायच्या. डावाच.

एका दुपारी वामनरावांनी घरी खुशालीचं कार्ड लिहायला सांगितलं. मनकर्णाबाईंना लिहिता येत नव्हतं, म्हणून मी त्यांचं लिहिलं. "पत्ता सांगा."

"मुक्काम धाड, जिल्हा बुलढाना, मध्यप्रांत-वऱ्हाड."

मी लेखणी थांबवली. "बाई, मध्यप्रांत कवाच गेला. मंग मध्यप्रदेश झाला, मंग मुंबई राज्य. आता तं महाराष्ट्र लिहा लागते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. एखादं लहान मूल चुकीचं बोललं की आपण बघतो तसं. "पोरी, मी परवा तं घरून निघाली," त्या म्हणाल्या. "परवा कसं बदलन?"

मी मध्यप्रांत लिहिलं. खेड्यातल्या बायका, म्हटलं. आमच्या सासूबाई मरेपर्यंत रुपयाला कलदारच म्हणत होत्या. कोण बदलतं सवय?

कार्ड लिहून झाल्यावर मी पदराच्या कडेच्या दशांना, सुट्या दोऱ्यांना, हात लावला. दर सोमवारी उपास सोडताना मी एका दशेला गाठ मारत होते, दिवस चुकू नयेत म्हणून. म्हटलं, मोजून बघावं किती झाले. बोट एका कडेपासून निघालं ते दुसऱ्या कडेपर्यंत गेलं. मोकळी दशा एकही राहिली नव्हती.

एकेकीला दोन-दोन मारल्या असतील. नाही तर झोपेत मारल्या असतील. मी पदर झाकून टाकला, जसं काही मीच काही चोरलं होतं.

५

जिनिंगमधून आमच्या गावचा बाजार ऐकू यायचा. बाजाराच्या दिवशी वाऱ्याबरोबर मिरचीवालीची हाक यायची, बांगडीवाल्याची घंटी यायची. एकदा तर मला वाटलं, रुखमाबाईंचा आवाज आला, कोणाशी तरी भांडतायत. घर म्हणजे अर्ध्या कोसावर. मी डोळे मिटून घरी जाऊन यायचे. ओटा, तुळस, कॅलेंडरचा खिळा. पण अंबूचा आवाज कधी आला नाही. किंवा आला असेल आणि मला ओळखू आला नसेल. मी सात वर्षांच्या पोरीचा आवाज शोधत होते.

त्याच दिवशी फाटकाशी एक माणूस आला. मिशीत पांढरे केस, खांद्यावर उपरणं. त्यानं फाटकाजवळ नारळ फोडला, अर्धी वाटी जमिनीवर ठेवली, आणि हात जोडून उभा राहिला. त्याचे ओठ हलले. तो "माय" म्हणाला, एवढंच मला कळलं.

"कोन व्हय तो?" मी मनकर्णाबाईंना विचारलं.

"कोन जाने. येते दरसाल बिचारा." त्यांनी अंगरख्याचा दोरा दातानं तोडला आणि मान तिरपी करून त्याच्याकडे पाहिलं. "कान पाह्य त्याचे. अगदी माह्या बापासारखे."

त्यांच्या मांडीवर तो अंगरखा होता. पाच वर्षांच्या पोराचा.

मी उठले. ओटीचं गाठोडं घेतलं, पदरातली सुपारी चाचपली, आणि सरळ फाटकाकडे चालू लागले. वळकटीही घेतली नाही. कोणी अडवलं नाही. वामनराव काट्यावर बसून हँडबिलं जुळवत होते. त्यांनी मान वर केली.

"ताई, कुठं?"

"घरी जातो मी. आमचे हे नेतीन मले फाल्गुनात. स्वतंत्र."

"जा की," ते म्हणाले, त्याच मऊ आवाजात. "फाटक कधी लावलं का आम्ही? तुमची मर्जी." ते उठून माझ्याजवळ आले, हात जोडले. "फक्त ओटी इथं उपडी करून जा. नवसाच्या वाटेवरून परत फिरायचं तर वेशीत भरलेली ओटी घरात नेता येत नाही. रीत तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही तर व्रतं करणाऱ्या."

मला माहीत होती रीत. गाठोडं माझ्या हातात होतं. आत पाच जणींचे तांदूळ होते आणि त्यांच्यावर अंबूची मूठ. फाटकाच्या पलीकडं रस्ता, रस्त्याच्या पलीकडं गाव. चार पावलं. मी गाठ सोडायला बोट घातलं आणि मला तिची बुबुळं दिसली, वर गेलेली, पांढरी. भरल्या ओटीच्या बाईनं नवस अर्ध्यावर सांडायचा, तो कोणाच्या जिवावर?

पूर्वी कधी तरी माझ्या आधीही कोणी इथं अशीच उभी राहिली असणार. उंबऱ्याच्या फरशीत दोन खळगे पडले होते. माझी पावलं त्यांत बरोबर बसली होती.

"उद्या सकाळी गाडी आहेच," वामनराव म्हणाले. "आता एवढं थांबलात."

मी परत फिरले. मनकर्णाबाईंनी माझी जागा झटकून ठेवली होती.

"मीई गेल्ती एकदा तिथवर," त्या हळूच म्हणाल्या. मग अंगरख्यात परत सुई खुपसली.

६

त्यानंतर किती सोमवार गेले ते मी सांगू शकत नाही. हंगामात शेजारच्या शेतांतून कापूस उडून यायचा, पत्रा तापायचा, पत्रा गार व्हायचा. रस्ता काळा झाला. एस.टी.चा रंग बदलला. बायका तितक्याच राहिल्या, की वाढल्या, मी पाहिलं नाही. मी माझं पारायण करत होते. श्रद्धा ठेवली की दिवस कडेला लागतात, यावर माझा विश्वास आहे.

मग एका सकाळी, वळकट्या बांधून आम्ही ओळीनं बसलो असताना, मलकापूरच्या बाजूनं डफडं वाजत आलं.

काशी करून आलेला माणूस एकदम घरात शिरत नाही. वेशीबाहेर थांबतो, घरची माणसं वाजतगाजत येतात, गंगेचा गडू डोक्यावर घेऊन त्याला गावात नेतात. तशीच मिरवणूक होती ती. पुढं वाजंत्री, मागं बायका आरतीची ताटं घेऊन, मध्ये एक म्हातारा, लाल फडक्यात बांधलेला गडू डोक्यावर. केस पांढरे. चालताना डावा पाय किंचित बाहेर टाकत होता.

तसा पाय एकाच माणसाचा पडतो.

मी उठून फाटकाशी गेले. त्या खळग्यांत उभी राहिले. फाटक उघडं होतं, माझ्या आणि त्यांच्यामध्ये काहीच नव्हतं. त्यांच्या धोतराच्या कमरेला लाल दोऱ्यात बांधलेली सुपारी होती.

सुपारी कोण बांधतो ते मला ठाऊक आहे. ज्याची जोडीची बाई हजर नाही तो. माझ्या पदराच्या टोकात ते होते, आणि त्यांच्या कमरेला मी होते. असे आम्ही दोघं समोरासमोर उभे होतो, आणि डफडं वाजत होतं.

त्यांनी हात वर केला. डफडं थांबलं.

"बाबा, इथूनच गेली न?" त्यांच्या बाजूची बाई म्हणाली. भरल्या अंगाची, कडेवर मूल. गडूला आधार द्यायला तिनं हात पुढं केला तेव्हा पदर सरकला. उजव्या मनगटावर बिब्ब्याचा डाग होता. आणि डागाच्या वर डझनभर काचेच्या बांगड्या.

"हाव, इथूनच," ते म्हणाले. "कुलूप तं कवाचं लागून राह्यलं याले." त्यांनी हात पुढं केला, माझ्या तोंडासमोर, हातभर अंतरावर. आणि तो हात हवेतच थांबला. तळवा सपाट झाला, बोटं पसरली, जशी गंजलेल्या पत्र्यावर पसरतात. ते डोळे मिटून म्हणाले, "सुभद्रे, पोचलो बरं मी. पह्यले पोचलो. तू हारली."

अंबूनं त्यांचा दंड धरला.

मी हाक मारली. पूर्ण ताकदीनं मारली. ती शेडमधल्या त्या कापसात बुडाल्यासारखी माझ्या ओठांपाशीच मिटली. फक्त कडेवरचं मूल वळलं आणि माझ्याकडे बघून हसलं, दात नसलेलं.

गाठोडं माझ्या छातीशी होतं. मला समजलं की आता उपडं करता येईल. नवस फेडून झाला होता, सुपारीनं का होईना, माझं उद्यापन झालं होतं. आता कोणती वाट अर्ध्यावर राहिली होती? एक हिसका, तांदूळ फरशीवर, आणि चार पावलं. मी गाठीला बोट घातलं. गाठ सहज सैल झाली.

मग अंबूनं मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. सहज, ताकदीनं. तिचे गाल भरलेले होते. इतक्या वर्षांत हिला ताप आला असेल का, असं माझ्या मनात आलं. आणि लगेच आलं की नाही, नसणार आला. मी ओटी धरून बसले होते ना. देवानं नवस सुपारीचा मानला की माझ्या बसण्याचा, हे मला कोण सांगणार? आणि चुकलं तर? आता तिच्या कडेवर आणखी एक होतं.

मी गाठ परत आवळली.

ते नारळ फोडून गेले. डफडं वेशीपर्यंत ऐकू आलं, मग गावात शिरलं, मग बाजारासारखं लांबून येत राहिलं.

"कोन व्हते वं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"आमचे हे," मी म्हटलं.

"म्हातारा?" त्या हसल्या. "तुये यजमान तं तरुण हायेत म्हंतेस."

७

नारळाची अर्धी वाटी अजून उंबऱ्याबाहेर आहे. हात लांब केला तर पोचेल. मी केलेला नाही.

हे मी सोळा सोमवारच्या पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर लिहिलं. कोणासाठी, ते ठरवलं नाही. लिहिताना बरं वाटलं. अंबू सुखरूप आहे, तिला लेकरू आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं. किती बायांच्या नशिबी एवढं असतं? यांचे पाय दाबायचे आहेत, ते देणं माझ्यावर आहे, आणि देवाच्या घरी देणं बुडत नाही. आम्ही पशुपतिनाथाला जाऊ, सगळ्याच जाऊ. येताना मी काचेच्या बांगड्या आणणार आहे, लहान मापाच्या, त्या मुलासाठी जर ती मुलगी असेल.

काल दुपारी एक नवी बाई आली. भेदरलेली, बरोबर चाकं लावलेली पेटी. तिनं पत्ता सांगितला, त्यात गावाच्या नावापुढं आकडे होते, सहा. मी म्हटलं, चालतं, आकडे तर आकडे. तिला आढ्याखालून सरकायला सांगितलं.

ती माझ्या अंथरुणाकडे फार वेळ बघत होती.

आज पहाटे शिट्टी झाली. मी उठले, अंघोळ केली, वळकटी गुंडाळली. दोरी कुठं घालायची ते बघावं लागलं नाही. सतरंजीवर दोन हिरवेगार पट्टे होते, कोरे, माहेरहून आणल्यासारखे. दोरी आपली त्यांच्यावर जाऊन बसली.